बोलण्यात कसली पीएच.डी.?

मा. संपादक,
स. न.

कालच्या अंकातला तळपानाचा विनोदी लेख आमच्या स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचला गेला. 'संवाद या विषयात म्हणे डॉक्टरेट मिळते, मग आमच्या चाळीच्या नळावर सगळ्या डॉक्टरच' या वाक्याला चांगलाच हशा पिकला. मीही हसले. मग एकाची नजर माझ्याकडे गेली आणि सगळे एकदम डबे उघडायला लागले. पाच वर्षं नोकरी सांभाळून आणि एक वर्ष करोनात घरी बसून मी याच विषयात पीएच.डी. केली आहे.

राग आला म्हणून लिहिते आहे, पण लेखकमहाशयांवर फारसा नाही. 2023 च्या विधिमंडळाच्या नागपूर अधिवेशनात तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांचं 'पीएचडी करून काय दिवे लावणार' असं विचारून झालंच होतं, त्यापुढे नळाचं काय घेऊन बसायचं! (आपल्या लेखात ही पदवी 'पीएचडी', 'पी.एच.डी.' आणि 'पी एच डी' अशी तीन तऱ्हांनी छापली आहे. मुद्रितशोधक ठेवायची पद्धत बंद झाली का?) गंमत अशी की नळाचा मुद्दा लेखकाने चुकून अगदी बरोबर मांडलाय. नळावर कोण कुणासमोर बोलतं, कोण आल्यावर आवाज उतरतो, कुणाला बोल लावायचा असला की कुणाच्या नावाने लावतात, हाच आमचा विषय. भाषा आणि समाजाचे अमेरिकन अभ्यासक डेल हाइम्स यांनी 1962 साली नेमकं हेच सांगितलं, की नुसतं भाषेचं व्याकरण पुरेसं नाही, माणसं बोलतात कशी ते त्यांच्यात जाऊन बघा.

माझं दुखणं वेगळं आहे. बाहेरचे नळाला हसतात, आणि आतले त्याला प्रबंधात येऊ देत नाहीत.

माझा विषय ग्रामसभेत बायकांचं बोलणं हा होता. 2017 ला नोंदणी झाली. संशोधनावर देखरेख करणाऱ्या समितीने पहिल्याच सहामाहीत बजावलं की नमुना 300 चा हवा आणि पाच चौकटींची प्रश्नावली हवी. पूर्णतः सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्णतः असहमत. प्रती काढल्या आणि माण तालुक्यात एसटीने हिंडले.

2018 च्या 2 ऑक्टोबरची ग्रामसभा. मारुतीच्या देवळाचा सभामंडप. सरपंच बाई, पण खुर्चीवर त्यांचे यजमान. कायद्याने ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा व्हावी लागते, ती इथे सह्यांच्या वहीतच होऊन गेली होती. बायका पायरीकडच्या बाजूला बसल्या होत्या. ग्रामसेवकांनी 'नळपाणी योजनेची दुरुस्ती पूर्ण' असं वाचलं आणि खांबाला टेकून बसलेल्या एका आजींनी मांडीवर पेंगणाऱ्या नातवाच्या पाठीत धपाटा घातला. "ऊठ रं बाबा, टँकर जाईल निघून. हितं कागदावर पानी आलंया, ते काय घागरीत भरायचं?"

अख्ख्या मंडपाने ऐकलं. ग्रामसेवक थांबले, चष्मा पुसला आणि पुढचा विषय वाचायला घेतला. इतिवृत्तात 'सर्वानुमते मंजूर' अशी नोंद झाली.

दुसऱ्या दिवशी त्याच आजींकडे प्रश्नावली घेऊन गेले. प्रश्न 14: 'मी ग्रामसभेत माझे मत मोकळेपणाने मांडते.' त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "छ्या! म्या कुठं बोलती सभंत? बाप्यांचं काम ते." झाली खूण, पूर्णतः असहमत. माझ्या तक्त्यात त्या आजही न बोलणाऱ्या बायकांमध्ये बसल्या आहेत.

'लेकी बोले सुने लागे' ही म्हण आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. इथे नातू लेक होता आणि ग्रामसेवक सून. असं आडून बोलणं मला चार गावांत सापडलं, त्यावर मी 11 पानं लिहिली. सबंध प्रबंधात स्वतःच्या डोक्याने लिहिलेली तेवढीच असतील, बाकी 'अमुक यांच्या मते' आहे. समितीतले एक सर ती पानं अंगठा आणि तर्जनीत धरून म्हणाले, "मॅडम, हा किस्सा आहे, डेटा नाही. टेबलात कुठे बसतो?" मी अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ कीथ बासो यांचा 1970 चा निबंध पुढे केला. अमेरिकेत ॲरिझोनातल्या अपाची या आदिवासी लोकांत दूरच्या शाळेतून परतलेल्या पोराशी आईबाप आधी बोलतच नाहीत, गप्प बसून तो किती बदललाय ते बघतात. त्या गप्प बसण्याचाही अभ्यास होतो, मग आजींच्या धपाट्याचा का नको? यावर उत्तर आलं, "ते अमेरिकेतलं झालं, आपल्याकडे स्केल लागते." ही पाच चौकटींची स्केलसुद्धा 1932 साली रेन्सिस लायकर्ट या अमेरिकन माणसानेच काढली, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण फॉर्मवर सही त्यांचीच लागणार होती. माणसांच्या संवादावर पदवी घेणारी मी त्या खोलीत तोंडातून अवाक्षर न काढता बसले. 11 पानं परिशिष्टात गेली, परिशिष्ट 'ड'.

शोधनिबंध छापण्याची कथा आणखी निराळी, ती लांबवत नाही. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2016 च्या नियमाप्रमाणे प्रबंध देण्याआधी एक निबंध छापून येणं सक्तीचं होतं. एका नियतकालिकाने अडीच हजार रुपये घेऊन आठ दिवसांत छापला. वाचला कुणी नसावा, कारण शीर्षकातच 'ग्रामसभा'चं 'ग्रामशोभा' झालं होतं. पुढे 7 नोव्हेंबर 2022 च्या अधिसूचनेने यूजीसीने ही सक्ती काढली, पण आधीच्या नोंदणीला जुनेच नियम. म्हणजे सक्ती जाऊनही माझे अडीच हजार नियमाप्रमाणेच गेले.

तेव्हा आपल्या विनोदी लेखकांना एवढंच कळवा की चाळीच्या नळावर त्यांनी खरंच एक दिवस बसावं. वही न्यावी, प्रश्नावली नको.

आणि आता विषय निघालाच आहे तर, त्या ग्रामसभेची बातमी आपल्याच दैनिकाच्या तालुका पानावर आली होती. 'ग्रामसभा खेळीमेळीच्या वातावरणात संपन्न, महिलांची उपस्थिती लक्षणीय', त्याखाली उपस्थित 17 मान्यवरांची नावं आणि त्यात बाई एकही नाही. आपला वार्ताहर माझ्या पुढेच बसला होता, धपाटा त्यानेही ऐकला होता, वळून हसलाही होता. ते कात्रण मी प्रबंधात पान 212 वर लावलं आहे. समितीने ते हलवायला सांगितलं नाही. छापील पुरावा आहे म्हणाले.

आपली,
एक नियमित वाचक, सातारा