मागच्या भिंतीतलं फाटक

कोथरूड, पुणे
रविवार, रात्र

प्रिय बंड्या,

आपल्या इमारतीच्या रिडेव्हलपमेंटबद्दलचा तुझा मेसेज मिळाला. ‘कोणत्या बिल्डरची ऑफर जास्त आहे तेवढं सांग, सही करून पाठवतो,’ असं लिहिलं आहेस. ऑफरचे आकडे वेगळे पाठवतो. पण त्याआधी जे सांगायचंय ते फोनवर नीट जमणार नाही, म्हणून हे पत्र.

गेल्या आठवड्यात मोजणीवाले येऊन गेले. तुमचा फ्लॅट मीच उघडून दिला. काकू गेल्यापासून बंदच आहे. लेझरच्या यंत्राचा लाल ठिपका त्यांच्या ओट्यामागच्या भिंतीवर थांबला, मुलाने आकडा वहीत लिहिला आणि पुढच्या खोलीत गेला. मी मात्र तिथेच उभा राहिलो. कडप्पा अजून गुळगुळीत आहे, कोपऱ्यातला टवकासुद्धा तसाच.

तरीही इमारत पडायला हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. गच्ची दोनदा वॉटरप्रूफिंग करूनही गळते, जिन्यातल्या बीमचं लोखंड उघडं पडलंय आणि लिफ्ट नाही. आई आता ७९ वर्षांची आहे. तिसऱ्या मजल्यावरून ती फक्त डॉक्टरकडे जायला उतरते.

उंच इमारतीलाही माझा विरोध नाही. शेजारचे पुष्कळजण म्हणतात, कोथरूडचं कोथरूडपण गेलं, बंगले गेले, आता किती माणसं कोंबणार? मला वाटतं, माणसं यायलाच हवीत, आणि ती इथेच, मेट्रोजवळ यायला हवीत. नाहीतर ती चांदणी चौकाच्या पलीकडे घर घेतात आणि रोज दोन तास गाडीवर काढतात.

६ मार्च २०२२ ला वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो सुरू झाली तेव्हा लोक हौसेने एक फेरी मारून आले. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये ती सिव्हिल कोर्टावरून रुबी हॉलपर्यंत गेली, २०२४ च्या मार्चमध्ये रामवाडीला पोचली आणि त्याच सप्टेंबरमध्ये दुसरी लाइन स्वारगेटला. तेव्हापासून ती कामाची झाली. माझी मुलगी आयडियल कॉलनीला चढते आणि येरवड्याला उतरते. संध्याकाळी घरी येते तेव्हा तिच्या अंगात बोलायचं त्राण असतं, हे मी पहिल्यांदाच पाहतोय.

आता मुद्द्याचं. एफएसआय म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं ते. मेट्रो स्टेशनपासून ५०० मीटरच्या आतल्या प्लॉटला टीओडीचा, म्हणजे मेट्रोलगत जास्त वस्ती व्हावी म्हणून, जादा एफएसआय मिळतो. प्लॉट मोठा आणि रस्ता रुंद असेल तर चारपर्यंत. आपली इमारत झाली तेव्हा एक होता. आपला प्लॉट एकटा लहान पडतो, म्हणून मागच्या सोसायटीला बरोबर घेऊन दोन्ही प्लॉट एक करायचं ठरतंय. त्यामुळे सगळ्यांच्या घरातली वापरायची जागा, म्हणजे कार्पेट, वाढतं, बिल्डरलाही विकायला फ्लॅट मिळतात.

पण हा एफएसआय दिलाय कशासाठी? स्टेशन जवळ आहे, लोक चालत जातील, म्हणून. आणि ते ५०० मीटर नकाशावर वर्तुळ काढून मोजलेले आहेत, पायांनी नाहीत. मी चालून पाहिलं. आपल्या गेटमधून निघून, गल्लीला वळसा घालून, पौड रोडला लागून स्टेशनच्या जिन्यापर्यंत मला अकरा मिनिटं लागली. मग एका सकाळी आईला घेऊन गेलो. फूटपाथवर एका ठिकाणी विजेच्या डीपीचा खोका, पुढे लावलेल्या स्कूटर, पुढे फरशी उचकटलेली. प्रत्येक ठिकाणी तिला रस्त्यावर उतरावं लागलं आणि मागून पीएमटी आली की माझा हात घट्ट धरायची. तेवीस मिनिटं लागली. वर लिफ्ट होती, गाडीत बसायला जागा मिळाली, तिने नदी पाहिली. परत येताना मात्र म्हणाली, रिक्षा कर.

डोंबिवलीच्या माझ्या मावशीकडे घराचा पत्ता सांगतानाच ‘स्टेशनपासून चालत सात मिनिटं’ म्हणायचे. दादर, पार्ले, डोंबिवली, ही सगळी वस्ती स्टेशनला धरून वाढली आणि पायांनी वाढली. आपल्याकडे स्टेशन उशिरा आलं, दुचाकी आधी आली. म्हणून आपल्या सभेत सगळ्यात जास्त वेळ कशावर गेला? प्रत्येकाला दुसरं पार्किंग मिळणार की नाही, यावर. दोन बेसमेंट खणायची, वर गाड्यांसाठी पोडियम, आणि हे सारं मेट्रोच्या नावाने मिळालेल्या एफएसआयवर. मला हे पटत नाही, बंड्या. मी दुसरं पार्किंग नको असं लिहून दिलंय. तूही दे.

दुसरं, विकायचे सगळे फ्लॅट थ्रीबीएचके आहेत. इथल्या शाळेत शिकवणारी, दवाखान्यात नर्स असलेली माणसं ते कशी घेणार? मेट्रो खरी त्यांना लागते. निदान एक विंग वन आणि टूबीएचकेची करा, असं मी म्हटलं. बिल्डरचा माणूस म्हणाला, ‘सर, रेट बसत नाही.’ तो खोटं बोलत नसेल, पण टेंडर अजून आपल्या हातात आहे. अट आत्ता घातली तरच घातली. एकदा डेव्हलपमेंट अ‍ॅग्रीमेंट झालं की आपण फक्त चावीची वाट बघायची. आणि वॉचमनचं कुटुंब सतरा वर्षं जिन्याखालच्या खोलीत राहतंय. नव्या नकाशात त्यांना खोलीच नाही.

तिसरी अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपली मागची कंपाउंड वॉल आठवते ना? तिच्या पलीकडच्या सोसायटीचा बोळ थेट स्टेशनच्या बाजूला निघतो. प्लॉट एक झाले की ती भिंत पडणारच आहे. तिथून पायी जायचा रस्ता ठेवायचा, नव्या कंपाउंडलाही त्या बाजूने फाटक ठेवायचं, आणि ते फक्त आपल्यासाठी नाही, गल्लीतल्या सगळ्यांसाठी दिवसभर उघडं. चार-पाच मिनिटांत स्टेशन. सभेत लगेच आवाज उठला, चोर येतील, फेरीवाले बसतील. वॉचमन ठेवू, दिवे लावू, पण रस्ता अडवायचा नाही, एवढंच मी म्हणत राहिलो. दोघांनी मान हलवली. बाकीचे गप्प.

म्हणून सही पाठवून भागणार नाही. सहकार कायद्यातल्या कलम ७९ अ च्या रिडेव्हलपमेंटच्या नियमांप्रमाणे बिल्डर निवडायच्या सभेला दोन तृतीयांश सभासद हजर लागतात, निबंधकांचा माणूस असतो, व्हिडिओ शूटिंग होतं. प्रॉक्सी चालत नाही. तुझं मत तुलाच येऊन द्यावं लागेल. पुढच्या महिन्यातला दुसरा रविवार. वहिनींनाही आण, काकूंच्या कपाटातलं सामान त्यांनाच बघावं लागेल.

नागपूरची गाडी पुणे स्टेशनला आली की रिक्षा करू नकोस. मेट्रो तिथेच आहे, वनाजकडे जाणारी पकड आणि आयडियल कॉलनीला उतर. मी जिन्याखाली उभा असेन. आधी रस्त्याने आपल्या गेटपर्यंत चालत येऊ, तू घड्याळ लाव. मग मागच्या सोसायटीतून जाऊन पलीकडून भिंत दाखवतो. बॉल आणायला आपण जिथे पाय ठेवून चढायचो, त्या दोन विटा अजून बाहेर आलेल्या आहेत. फाटकाची खूण मी तिथेच केली आहे.

तुझा,
नंदू