वंगण संपलेलं नाही

प्रिय संजू,

काल तुझा फोन ठेवला आणि बराच वेळ झोप लागली नाही. "गुडघ्यातलं वंगण संपलंय रे, आता काय राहिलंय," असं तू इतक्या सहज बोलून गेलास की मला पुढे सुचेना. वर हेही कळलं की पाच दिवसांत तू फिजिओथेरपी सोडलीस, कारण त्या मॅडम मशीन लावतच नाहीत, नुसते व्यायाम करायला लावतात. फोनवर तुझ्याशी वाद घालवेना, म्हणून लिहितोय.

वंगण संपलं हे आधी डोक्यातून काढ. दाराची बिजागरी कोरडी पडते तसा गुडघा कोरडा पडत नाही. सांध्याच्या आतलं अस्तर वंगणाचा तो द्रव सतत तयार करत असतं. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते तिला रक्तवाहिन्या नसतात. तिला जे पोषण मिळतं ते मुख्यतः याच द्रवातून, आणि त्यासाठी सांधा हलावा लागतो, त्याच्यावर भार येऊन उतरावा लागतो. ओला स्पंज दाबून सोडला की पाणी शोषतो, साधारण तसं. तू तीन आठवडे पाय उशीवर ठेवून बसलास ना, तेवढे दिवस गुडघ्याला उपास घडला. आणि मांडीचा स्नायू सुकला तो वेगळाच.

झालेली झीज व्यायामाने भरून निघत नाही, हे तुझ्यापासून लपवणार नाही. पण दुखणं फक्त झिजेवर अवलंबून नसतं. एक्स-रे खराब आणि माणूस मजेत चालतोय, एक्स-रे बरा आणि जिना चढवत नाही, अशी दोन्ही प्रकारची माणसं मी माझ्या फिजिओथेरपीच्या क्लिनिकच्या बाकावर पाहिली आहेत. मांडीचा पुढचा स्नायू दणकट असेल तर पाऊल टेकतानाचा बराच भार तो उचलतो. तो कमजोर असेल तर सगळं सांध्यावर येतं.

माझ्या खांद्याबद्दल तुला अर्धंच माहीत आहे. आधी रात्री दुखायचं, डाव्या कुशीवर वळलो की जाग यायची. मग शर्टाच्या बाहीत हात जाईना. पुढे मागच्या खिशातलं पाकीट काढता येईना. मी काय केलं, तर चार महिने हात अंगाशी धरून बसलो. दुखतंय ना, मग हलवू नये, एवढंच मला कळत होतं. फिजिओथेरपीला गेलो तेव्हा हात खांद्याच्याही वर जात नव्हता.

पहिल्या दिवशी तिथल्या मॅडमनी कुठलंच मशीन काढलं नाही. मला उताणं झोपवलं, दोन्ही कोपरं कुशीला लावून काटकोनात दुमडायला सांगितली आणि हात बाहेर उघडायला लावले. उजवा मस्त उघडला. डावा थोडा गेला आणि भिंतीला टेकल्यासारखा थांबला. मग त्यांनी स्वतःच्या हाताने तो हळूच ढकलून पाहिला, तरी तिथेच अडला. त्या म्हणाल्या, "तुमची ताकद कमी पडत असती, तर माझ्या हाताने तो पुढे गेला असता. सांध्याचं आवरणच आवळलंय." एवढ्याशा तपासणीतून हे कळतं, याचं मला आजही नवल वाटतं. हाच फ्रोझन शोल्डर. बोस्टनच्या कॉडमन या सर्जनने 1934 मध्ये त्याला हे नाव दिलं, आणि हा आजार समजायला, समजवायला आणि बरा करायला अवघड आहे असं तेव्हाच लिहून ठेवलं. मधुमेह असणाऱ्यांत तो जास्त आढळतो. मला साखर आहे, पण हा संबंध मला तिथेच कळला.

त्यांनी मला महिन्याभरात बरं करण्याचं आश्वासन दिलं नाही. वर्ष तरी धरा, असं स्पष्ट सांगितलं. ठणका होता तोवर त्यांनी हात कधी जोराने ओढला नाही. वाकून उभं राहायचं आणि हात लोलकासारखा लोंबकळत सोडायचा, एवढंच. ठणका ओसरल्यावर खरं स्ट्रेचिंग सुरू झालं. घरी मी भिंतीवर बोटं चालवत वर न्यायचो आणि जिथे अडेल तिथे पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहायचो. एका महिन्यात तीन बोटं वर गेलो. एकदा तर दोन आठवडे रेघ जागची हलली नाही. त्या दोन आठवड्यांत सोडून द्यायचं फार मनात आलं होतं, म्हणून तुझं मन मला कळतं. चौदा महिने लागले. आता मागचं पाकीट डाव्या हाताने काढतो.

आता मशीनचं. शेकाने स्नायू सैलावतात, टेन्स, म्हणजे कातडीवरून हलका विजेचा प्रवाह देणारं मशीन, लावलं की काही जणांचा ठणका तेवढ्यापुरता कमी होतो. त्या आरामात व्यायाम करता येत असेल तर जरूर लाव. पण टेबलावर पडून राहून मांडीत ताकद येत नाही. ज्या मॅडम अर्धा तास तुझ्याजवळ उभं राहून तुझ्याकडून करून घेतात, त्या तुझ्यावर जास्त मेहनत घेतायत. त्यांना सोडू नकोस.

त्यांनी दिलेला तो टॉवेलचा व्यायाम तुला पोरकट वाटला, असं म्हणालास. तो नीट कर. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेव, पाय सरळ, पावलाची बोटं स्वतःकडे ओढलेली, आणि गुडघ्याने टॉवेल खाली दाब. दाबताना मांडीवर तळहात ठेवून बघ. गुडघ्याच्या जरा वर, आतल्या बाजूला स्नायू घट्ट होऊन वर यायला हवा. दुखऱ्या पायात तो बहुधा मऊच लागेल, दुसऱ्या पायाशी ताडून पाहा. पाच आकडे मोजेपर्यंत धर, सोड, पुन्हा. श्वास रोखू नकोस. मांडीत फरक जाणवायला सहा ते आठ आठवडे लागतात, पाच दिवसांत काहीच दिसत नाही.

व्यायाम करताना थोडं दुखलं तर घाबरू नकोस. सोसण्याइतकं असेल आणि दुसऱ्या सकाळपर्यंत आधीसारखं होत असेल तर चालू ठेव. दुसऱ्या दिवशीही वाढलेलंच असेल, किंवा सूज आली, तर संख्या कमी कर, बंद करू नकोस. काठी वापरायची वेळ आली तर लाजू नकोस, फक्त ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धर. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. वजनाचं तू स्वतःच बोललास म्हणून सांगतो, एक किलो उतरलं तर चालताना गुडघ्यावरचा भार प्रत्येक पावलाला सुमारे चार किलोंनी हलका होतो.

मात्र गुडघा अचानक लाल, गरम होऊन सुजला आणि सोबत ताप आला, मध्येच अडकून सरळच होईना, पोटरी सुजून दुखू लागली, किंवा पडल्यावर पायावर भार टाकता येईना, तर व्यायाम बाजूला ठेव आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठ.

सोमवारी मॅडमना फोन कर. मध्ये सोडलं म्हणून त्या रागावणार नाहीत, त्यांना अशी माणसं रोज भेटतात. आणि त्याआधी माझ्यासाठी एक कर. हात नसलेली, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेव, हात छातीवर घे आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभा राहून बसतोस ते मोज. घरातलं कुणीतरी शेजारी उभं असू दे. चार आले तर चार. आकडा कागदावर लिही, खाली तारीख टाक आणि मला कळव. सहा आठवड्यांनी मी तोच आकडा पुन्हा विचारणार आहे.

तुझा,
विनू