एक मे, तुझं शिकागो आणि आपलं लालबाग

प्रिय मनू,

तुमच्या मंडळाचे फोटो बघितले. फेटा मस्त बसलाय, नथ जरा मोठी वाटते पण असू दे. खाली तू लिहिलंयस की महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम शनिवारी ठेवला कारण एक मेला इथं अमेरिकेत सुट्टी नसते, आणि मग विचारलंयस की आई, बाकी कितीतरी देशांत कामगार दिन एक मेला आणि आमच्याच इथं सप्टेंबरमध्ये, असं का. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुझं दर दोन मिनिटांनी "आई एक मिनिट हं, पिंग आलाय" चालू असतं, म्हणून हे लांबलचक टाइप करून पाठवतेय, सावकाश वाच.

तर ज्या तारखेची तुला तिथं सुट्टी मिळत नाही ना, ती तारीख तुझ्याच गावातून निघालीय. १८८४ मध्ये तिथल्या कामगार संघटनांच्या एका फेडरेशननं ठराव केला की १ मे १८८६ पासून कामाचा दिवस आठ तासांचाच धरायचा. सरकारनं नाही हं, कामगारांनीच ठरवून टाकलं. तेव्हा दहा-बारा तास राबणं सर्रास होतं. मग ती तारीख आली, देशभर संप झाले, आणि सगळ्यात जास्त जोर शिकागोत. ३ मेला मॅकॉर्मिकच्या कारखान्याबाहेर, शेतीची यंत्रं बनवायचे तिथं, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसं मेली. त्याच्या निषेधाची सभा ४ मेला संध्याकाळी हेमार्केट चौकाजवळ. शहराचे महापौर कार्टर हॅरिसन स्वतः येऊन ऐकून गेले, सगळं शांत आहे म्हणाले आणि घरी गेले. पावसाची चिन्हं होती, लोक पांगत होते, शेवटचं भाषण संपत आलेलं, आणि नेमकी तेव्हाच पोलिसांची तुकडी सभा बंद करायला आली. कुणीतरी बॉम्ब फेकला. कुणी, ते आजतागायत कळलेलं नाही. मग अंधारात गोळीबार. सात पोलीस गेले, सभेतलेही गेले.

खटला आठ जणांवर चालला. बॉम्ब यांच्यापैकी कुणी टाकला असं सिद्ध झालंच नाही, काही जण तर तो फुटला तेव्हा तिथं नव्हतेच, पण भाषणं केली, पत्रकं काढली, म्हणून दोषी. ११ नोव्हेंबर १८८७ ला चौघांना फाशी: ऑगस्ट स्पाइज, अल्बर्ट पार्सन्स, अ‍ॅडॉल्फ फिशर, जॉर्ज एंगेल. पाचवा लुईस लिंग, त्यानं आदल्या दिवशी कोठडीतच जीव दिला. उरलेल्या तिघांना १८९३ मध्ये गव्हर्नर अल्टगेल्ड यांनी माफी दिली आणि खटलाच न्यायाला धरून नव्हता असं लिहूनही ठेवलं. खुर्चीवर बसलेल्या माणसानं असं लेखी देणं, बघ, त्या काळात काय आणि आता काय, सोपं नसतं.

मधल्या काळात, १८८९ मध्ये, पॅरिसला जगभरच्या समाजवादी पक्षांची परिषद भरली आणि ठरलं की १ मे १८९० ला सगळीकडे एकाच दिवशी आठ तासांसाठी निदर्शनं करायची. तिथून हा जागतिक दिवस झाला. आणि तुमचा सप्टेंबर म्हणजे, १८९४ मध्ये पुलमन रेल्वे डब्यांच्या कारखान्याचा संप पेटलेला असताना (तोसुद्धा शिकागोतच, तुझं गाव भलतंच खमकं आहे) प्रेसिडेंट क्लीव्हलँडनं सही करून सप्टेंबरचा पहिला सोमवार कामगारांना दिला. त्या सोमवारच्या परेडी आधीपासून निघायच्याच, त्यामुळे तारीख अगदी हवेतून काढली असं नाही, पण मे महिन्याची आठवण नको होती हेही खरंच. पुढे १९५८ मध्ये प्रेसिडेंट आयझेनहॉवर साहेबांनी १ मे हा कायद्याचा दिवस म्हणून जाहीर केला. ज्या तारखेला लोक कायद्याविरुद्ध ओरडायचे तिलाच कायद्याचं नाव. हुशार माणसं.

आता आपल्याकडचं सांगते, कारण ते तुमच्या मंडळातल्या कुणाच्याच तोंडून मी अजून ऐकलेलं नाही. शिकागोच्या दोन वर्षं आधी, १८८४ च्या सप्टेंबरात, नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. लोखंडे म्हणजे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले, दीनबंधू पत्राचे संपादक. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. मागण्या वाचल्यास तर तुला हसू येईल की रडू, माहीत नाही. रविवारची सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहापासून सूर्य मावळेपर्यंतच. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. कामावर इजा झाली तर बरं होईपर्यंत पगार. बस्स. आठ तास वगैरे तर मागितलेच नाहीत, सूर्य मावळला की सोडा एवढंच. मग १८९० च्या २४ एप्रिलला महालक्ष्मीला रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले आणि दोन बायकांनी उभं राहून भाषणं केली! म्हणजे पॅरिसवाल्यांनी सांगितलेल्या पहिल्या एक मेच्या एकच आठवडा आधी, आणि पॅरिसला मुंबईचं नाव तरी ठाऊक होतं का कोण जाणे. त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज व्हॉट्सअ‍ॅपवर हॅपी संडेचे गुलाब पाठवणाऱ्या किती जणांना लोखंडे माहीत असतील? भारतात लाल बावटा लावून पहिला मे दिन १९२३ ला मद्रासला कामगार नेते सिंगारवेलू यांनी साजरा केला. आठवड्याचे ५४ तासांचे ४८ झाले ते १९४६ मध्ये, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे मंत्री असतानाच्या काळात. १४ एप्रिलला जे डीजे लावतात त्यांनी हेही एकदा माइकवरून सांगावं.

आणि महाराष्ट्र दिन. तुमच्या कार्यक्रमात निवेदिका म्हणाली की आज दुग्धशर्करा योग, महाराष्ट्र दिनही आणि कामगार दिनही. मला नाही पटलं. योगबिग काही नाही त्यात, ज्या माणसांनी एक मिळवला त्याच माणसांनी दुसरा मिळवला. नानांचंच बघ. नाना, म्हणजे तुझे आजोबा, रत्नागिरीहून बोटीनं आले आणि लालबागला गाववाल्यांच्या खोलीत उतरले, एका खोलीत पाळीपाळीनं झोपणारे, दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच वळकटीवर. सुरुवातीला गिरणीत बदली. बदली म्हणजे रोज भोंग्याच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं, कुणी खाडा केला असेल तर आत, नाही तर परत घरी. मग साचेखात्यात कायम झाले. साचे म्हणजे लूम, शेकड्यानं एकदम चालतात तेव्हा शेजारच्याला काही सांगायचं तर खुणा करायच्या नाही तर कानात ओरडायचं, आणि त्या आवाजानं नानांचे कान पुढे कामातूनच गेले. तू लहान असताना विचारायचीस ना की नाना भांडतात का सगळ्यांशी, तर ते भांडत नव्हते गं, त्यांचा साधा आवाजच तसला होऊन बसला होता.

१९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला आणि मराठी माणसाला मुंबईसकट महाराष्ट्र काही मिळेना. २१ नोव्हेंबरला मुंबईत हरताळ, गिरण्या बंद, विधिमंडळावर मोर्चा. तेव्हा मोरारजी देसाई मुख्यमंत्री. फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, १५ जण गेले. नाना त्या गर्दीत होते. गोळी सुटली तशी पळापळ झाली आणि नाना अनवाणी चालत लालबागला आले, आणि आजी गोळीबारापेक्षा चपलांवरून जास्त बोलली म्हणे, कारण चपला दिवाळीला घेतलेल्या नव्या होत्या. हे नाना दर वर्षी सांगायचे आणि आजी दर वर्षी चिडायची. पण पुढचं कुणी हसून सांगत नसे. १९५६ च्या जानेवारीत नेहरूंनी रेडिओवर सांगितलं की मुंबई केंद्राच्या ताब्यात राहणार, आणि मग कित्येक दिवस गिरगाव, लालबाग, परळ, सगळीकडे गोळ्या. जास्त माणसं तेव्हाच गेली. आपण १०६ हुतात्मे म्हणतो ना, ती नावं हुतात्मा चौकात लावलीत ती कधीतरी सावकाश वाच, त्यात गिरणीतले, हातावर पोट असलेले किती आहेत ते कळेल. हुतात्मा चौकातला पुतळा आठवतो? तू तिथून शेकडो वेळा बसनं गेलीयस. एक शेतकरी, एक कामगार, आणि दोघांच्या हातात मिळून एक मशाल. तलवार नाही, घोडा नाही. मला विचारशील तर १ मेला फक्त फेट्यातले सेल्फी टाकणाऱ्यांनी एकदा त्या दोघांचे कपडे बघावेत.

हे आंदोलन चालवणारी संयुक्त महाराष्ट्र समिती म्हणजे पण काय गंमत होती! कॉम्रेड डांगे, समाजवादी एसेम जोशी, आचार्य अत्रे, प्रबोधनकार ठाकरे, एरवी एकमेकांशी पटणं कठीण, ते सगळे एका व्यासपीठावर. आणि गर्दी जमवायला अमर शेख, अण्णाभाऊ साठे, गवाणकर हे शाहीर, एकदा डफ वाजला की चाळीच्या चाळी रिकाम्या व्हायच्या. चिंतामणराव देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावरून केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडलं. मग मराठी-गुजराती मिळून एकच द्विभाषिक राज्य झालं, १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला दणका बसला, आणि शेवटी १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र. गुजरातही त्याच दिवशी बरं का, समोरच्या बेन सकाळीच मोहनथाळ देऊन गेल्या, त्यांचाही स्थापना दिवस, आणि आपल्याकडून मी पुरणपोळ्या दिल्या.

पण नानांनी पुढे पुढे एक मे साजरा करणं सोडून दिलं. १८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते डॉक्टर दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, आणि तो संप मागे घेतला असं रीतसर कुणी कधी जाहीरच केलं नाही. हळूहळू गिरण्याच गेल्या. शिवाजी पार्कची परेड टीव्हीवर लागली की नाना म्हणायचे, बंद कर तो. मी तेव्हा शाळेत होते, मला राग यायचा कारण मला घोडे बघायचे असायचे. गिरणी कामगारांच्या घरासाठी भरलेल्या फॉर्मची पावती त्यांच्या ट्रंकेत अजून आहे, घराचं अजून काही नाही.

आणि आता तुझ्यावर येते, चिडू नकोस. परवा व्हिडिओ कॉलवर तू लॅपटॉपसमोर बसून पास्ता खात होतीस, मी म्हटलं जेवून घे आधी, तर म्हणालीस लंच ब्रेक असा काही नसतोच गं आमच्याकडे, सगळे डेस्कवरच खातात. आणि रात्री इकडच्या टीमशी कॉल, पहाटे तिकडच्या टीमशी कॉल. मनू, दुपारचा अर्धा तास लोखंड्यांनी १८८४ मध्ये मागितला होता. त्या बायामाणसांना, त्या कापसाच्या धुळीत खोकणाऱ्यांना, तो मिळवायला इतकी वर्षं लागली, आणि तू तो असाच फुकट देऊन टाकतेस? तुला कुणी गेटवर उभं करत नाही हे मान्य, पगार चांगला हेही मान्य, पण लेऑफची भीती म्हणून तू रात्री अकराला मेलला उत्तर देतेस तेव्हा मला नानांची बदलीच आठवते. आपल्याकडेही फार काही वेगळं नाही म्हणा, २०२५ च्या सप्टेंबरात आपल्या मंत्रिमंडळानं कारखान्यात दिवसाचे ९ तासांचे १२ करायला मंजुरी दिली, आठवड्याचे ४८ तेवढेच ठेवून. कागदावर हिशोब जुळतो, बाराव्या तासाला मशीनवर उभं असलेल्या माणसाचा जुळतो का ते बघायला कोण जातंय.

असो. माझं एक काम कर. मी नकाशावर बघून ठेवलंय, डेसप्लेन्स स्ट्रीटवर, लेक आणि रँडॉल्फ या रस्त्यांच्या मधे, ती सभा झाली तिथं २००४ मध्ये स्मारक केलंय, गाडीवर उभं राहून बोलणाऱ्या माणसांचं, कारण तेव्हा भाषण खरंच एका माल वाहायच्या गाडीवरून चाललं होतं. त्याच्या चौथऱ्यावर देशोदेशीच्या युनियननी पाट्या लावल्यात, त्यात आपल्याकडची एखादी दिसते का ते बघ आणि असली तर जवळून फोटो काढ, अक्षरं वाचता येतील असा. फाशी दिलेल्यांची समाधी फॉरेस्ट पार्कच्या कबरस्तानात आहे, तुमच्या ब्लू लाइन ट्रेनचं शेवटचं स्टेशन. पार्सन्सची बायको लुसी, नवऱ्यामागे पन्नासहून जास्त वर्षं भाषणं करत फिरली, ती पण तिथंच आहे. तिच्यासाठी वेगळं फूल ने. एका शनिवारी जा, रविवारी नको, रविवारी झोप काढ.

मेतकूट आणि कुळथाचं पीठ तुझ्या मैत्रिणीच्या आईबरोबर पाठवतेय, त्या १९ ला निघतायत. गोडा मसाला पण घातलाय, डब्याला टेप लावलीय ती कात्रीनंच काप, दातांनी नको. बाबा विचारतायत टॅक्सचं काम झालं का.

तुझी,
आई