तो दगड नाही, रातवा आहे

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा तोंडावर आला की 'पडीक माळरानावर हजारो झाडे लावणार' अशा बातम्या आपल्या वर्तमानपत्रात आणि इतरत्रही येऊ लागतात. लावणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण त्या 'पडीक' शब्दाशी मी दरवर्षी अडखळते, आणि गेल्या वर्षीपासून तर तो वाचला की पोटात कालवते. त्याचे कारण रातवा नावाचा एक निशाचर पक्षी आहे. त्याच्याबद्दल सांगितल्याशिवाय माझे म्हणणे कळणार नाही, म्हणून पत्र थोडे लांबेल.

मी एकतीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवली. निवृत्त झाल्यापासून रोज संध्याकाळी वही-पेन्सिल घेऊन सुप्याजवळच्या माळावर जाते. मयूरेश्वर अभयारण्य आमच्या शेजारीच आहे. १९९७ साली चिंकाऱ्यांसाठी ते राखले गेले, पण ते जेमतेम ५ चौरस किलोमीटरचे. बाकी सगळा माळ कुंपणाबाहेर. मुरूम, कुसळी गवत, मधूनच एखादी बोर, एखादा हिवर. चित्र काढायला तिथे काय आहे, असे मला पुष्कळांनी विचारले आहे.

तीन वर्षांपूर्वी मार्चमध्ये मी अशीच चालले होते. पलीकडे एक धनगर आबा मेंढ्या वळवत होते. ते लांबूनच ओरडले, "बाई, पाय जपून टाका! म्होरं रातवा बसलाय."

"कुठं?"

"त्यो काय, तुमच्या पायापशी."

मला दिसत होते फक्त दगड. आबा जवळ आले, त्यांनी काठीने नुसती दिशा दाखवली, तरी मला दिसेना. मग त्यातला एक दगड मिटल्या पापणीच्या फटीतून माझ्याकडे बघतो आहे असे वाटले. तेवढी एक काळी रेघ दिसली आणि क्षणात चोच, मान, पाठ, शेपटी असा सगळा पक्षी उमटला. मी त्याच्यापासून चार पावलांवर होते. तो हलला नाही. मी वाकले तशी ती फट आणखी बारीक झाली, जणू डोळ्यांमुळेच आपण पकडले जातो हे त्याला ठाऊक होते.

त्या दिवशी काढलेले चित्र फसले. मी मुलांना जे शिकवत आले तेच केले, आधी बाह्यरेषा आणि मग आतले बारकावे. बाह्यरेषा काढताच कागदावर एक ठसठशीत पक्षी आला, आणि समोर बसलेला तो तसा नव्हताच. रातव्याला कडाच नाही. त्याच्या खांद्यावरच्या पिसांना मध्ये काळा डाग आणि भोवती फिकट पिवळसर किनार असते, त्यामुळे नजर पिसांवरून घसरून थेट शेजारच्या खड्यांवर जाते. पाठीवरची राखाडी छटा अगदी दगडफुलाने धरलेल्या दगडासारखी. आठ-दहा कागद वाया गेल्यावर मी उलट सुरुवात केली. आधी जमीन काढली, खडे, काड्या, वाळके गवत, सावल्या. पक्ष्याची जागा कोरी ठेवली. मग तीच जमीन किंचित मऊ हाताने त्या कोऱ्या जागेत पुढे नेली. शेवटी डोळ्याची रेघ. तेव्हा कुठे रातवा कागदावर बसला. एकतीस वर्षे शिकवून झाल्यावर मला हे एका पक्ष्याने शिकवले.

दिवसभर तो असा जमिनीवर बसून असतो. फांदीवर बसलाच तर इतर पक्ष्यांसारखा आडवा न बसता फांदीच्या लांबीला धरून बसतो, म्हणजे फांदीचीच गाठ वाटावी. त्याचा खरा दिवस सुरू होतो तो दिवेलागणीला. शाहबादी फरशीवर गोटी सोडून बघा. आधी सावकाश ठक, ठक, मग जवळजवळ ठकठकठक आणि शेवटी घरंगळल्यासारखा सूर. साध्या भारतीय रातव्याचा आवाज हुबेहूब तसा आहे. आमच्याकडे खडकाळ माळावर दुसराही एक रातवा आहे. तो उडता उडता 'च्वीप' असा एकच तीक्ष्ण आवाज काढतो. दिसायला हे दोघे इतके सारखे की मी आजही आवाजाशिवाय ओळखायला धजत नाही.

तो पतंग, भुंगे, नाकतोडे उडता उडता टिपतो. पंखांची पिसे इतकी मऊ की डोक्यावरून गेला तरी चाहूल लागत नाही. नजरेने शिकार करणारा असल्यामुळे चांदण्या रात्री त्याला जास्त वेळ खाता येते. आबांनी मला सांगितले की शेतात वाघर (जाळ्याचे कुंपण) लावून मेंढ्या बसवल्या की रातवे हमखास भोवती घिरट्या घालतात, कारण मेंढ्यांपाशी किडे असतात. हे ऐकून मला फार बरे वाटले. कारण याच पक्ष्याच्या युरोपातल्या भाऊबंदांबद्दल ग्रीक लोकांची समजूत होती की तो रात्री शेळ्यांचे दूध पितो. ॲरिस्टॉटलने तसे लिहून ठेवले आणि त्यावरूनच या पक्ष्यांचे शास्त्रीय नाव पडले, 'कॅप्रिमल्गस', म्हणजे शेळ्या पिळणारा. आमच्या आबांनी मात्र किडे बघितले होते.

रातव्याचे तोंड आतून कसे असते हे मला कळले ते वाईट रीतीने. गेल्या श्रावणात भावाच्या स्कूटरवरून रात्री परत येताना रस्त्यावर एक रातवा पडलेला दिसला. अजून ऊन होता. भावाने दिवा त्याच्यावर धरला आणि मी तिथेच बसून वही काढली. चोच म्हणावी तर नखाएवढी. पण जबडा उघडला तेव्हा तो डोळ्याच्या खालपर्यंत फाकला, बेडकासारखा, आणि कडेने ताठ मिशांसारखे केस. पाय इतके इवले की या पायांनी तो चालतो तरी कसा असे वाटावे. मधल्या बोटाच्या नखाला आतल्या बाजूने बारीक दाते होते, चक्क फणीसारखे. पिसे विंचरायला तो ती वापरतो. मी ते नख तीनदा काढले. मग त्याला उचलून बाभळीखाली ठेवले आणि आम्ही घरी आलो. जेवण गेले नाही.

अंधारात तो डांबरी रस्त्यावर येऊन बसतो, कारण तिथली जमीन ऊबदार आणि मोकळी असते आणि तिथून वरचा किडा नीट दिसतो. गाडीचा दिवा पडला की त्याचे डोळे निखाऱ्यासारखे लाल चमकतात. दिव्याने दिपतो आणि उठतो तो अगदी शेवटच्या क्षणी. त्या एका पावसाळ्यात आमच्या रस्त्यावर मला चार मेलेले सापडले. इथिओपियात १९९० साली शास्त्रज्ञांना रस्त्यावर चिरडलेल्या अशाच एका रातव्याचा पंख मिळाला. तो माहीत असलेल्या कुठल्याच जातीशी जुळेना, म्हणून १९९५ साली केवळ त्या एका पंखावरून नव्या जातीचे नाव ठेवले गेले. एक अख्खी जात जगाला कळली ती गाडीखाली आल्यावर.

आणि एक रातवा तर आपल्या नावाचा आहे. कर्नल साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी दख्खनची पाहणी करत फिरत होता. त्याने इथल्या पक्ष्यांची यादी केली आणि १८३२ साली एका फिकट, वाळूच्या रंगाच्या रातव्याला 'मराटेन्सिस' हे नाव दिले, म्हणजे मराठ्यांच्या मुलखातला. तो मुख्यतः वायव्येकडच्या कोरड्या प्रदेशातला, हिवाळ्यात खाली येणारा. मला तो अजून दिसलेला नाही. पण मराठी मुलखाचे नाव लावणारा एक पक्षी आहे आणि शाळेत असताना मी ते एकाही मुलाला सांगितले नाही, याची रुखरुख वाटते.

आता मूळ गोष्ट. रातवा घरटे करत नाही. काडीसुद्धा गोळा करत नाही. उघड्या जमिनीवर, मुरमातच दोन अंडी घालतो. गेल्या वर्षी मे महिन्यात मला अशी दोन अंडी दिसली. गुलाबीसर, त्यावर तांबूस-जांभळट डाग. मी पंधरा पावले लांब बसून दुर्बिणीतून सहा दिवस चित्रे काढली. दुपारी जमीन पावलाला चटका देत असे आणि ती मादी त्या दोन अंड्यांवर बसून असे, सावली करून. चोच किंचित उघडी आणि गळा सारखा थरथरत असलेला. पक्ष्यांना घाम येत नाही, ते असे गळा हलवून अंग थंड करतात. एकदा एक कुत्रे जवळ आले तेव्हा ती पंख मोडल्यासारखी फडफडत, लंगडत त्याला लांब घेऊन गेली आणि मग सरळ उडाली. परत येऊन तिने अंडी पोटाखाली घेतली.

सातव्या दिवशी मी गेले तेव्हा माळावर चुन्याच्या रेघा आणि रांगेने खड्डे होते. पुढच्या महिन्यातल्या वृक्षारोपणासाठी कोणीतरी आधीच खणून ठेवले होते. त्या जागेवर खड्ड्यातल्या मातीचा ढीग होता. मी हाताने माती बाजूला केली. काय सापडले ते लिहीत नाही. खणणाऱ्या माणसांना मी दोष देत नाही, मलाही मार्चमध्ये चार पावलांवरून पक्षी दिसला नव्हता. आणि त्यांनी लावलेली गिरिपुष्पाची निम्मी रोपे पुढच्या उन्हाळ्यात वाळून गेली. तिथे झाड नव्हते कारण ती गवताची जमीन आहे.

माझी विनंती साधी आहे. माळावर कुदळ मारण्याआधी मार्च ते जून या काळात दोन-तीन संध्याकाळी कोणीतरी तिथे जाऊन नुसते बसावे आणि ऐकावे. आमच्या आबांसारखा माणूस सोबत घ्यावा. त्याला तासाभरात सगळे दाखवता येते. रातवा, टिटवी, चंडोल, धाविक हे सगळे जमिनीवरच अंडी घालतात. झाडे गावठाणात, बांधावर, ओढ्याकाठी लावावीत, तिथे ती जगतातही. आणि रात्री माळावरच्या रस्त्याने जाणाऱ्यांनी वेग कमी ठेवावा. समोर दोन लाल ठिपके चमकले तर दिवा खाली करून क्षणभर थांबावे. तो उठतो, फक्त त्याला तेवढा वेळ हवा असतो.

सोबत त्या मादीचे एक चित्र पाठवत आहे. छापायला जागा असली तर जरूर छापा. एवढेच की जागा कमी पडली म्हणून बाजूचे खडे आणि गवत कापू नका. ते काढले तर चित्रात ती राहणार नाही.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका
सुपे, ता. बारामती, जि. पुणे