गिझर बदललात, पण व्हॉल्व्ह लावला का?

संपादक साहेब,
स. न. वि. वि.

थंडी सुरू झाली की तुमच्या पेपरात गिझरच्या अर्ध्या-अर्ध्या पानाच्या जाहिराती येतात, किती लिटर, किती स्टार, जुना द्या नवा घ्या, सगळं असतं. मी त्याच जाहिराती बघून महिन्याभरापूर्वी नवा गिझर घेतला आणि त्या महिन्यात जे काही कळलं ते कोणी आधी सांगितलं असतं तर माझ्या सासऱ्यांना शॉक बसला नसता. म्हणून लिहितेय. पत्र लांब झालंय, काटछाट करावी लागली तर करा, पण अर्थिंगचं आणि व्हॉल्व्हचं तेवढं ठेवा ही विनंती.

आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो, बिल्डिंग १९८६ ची, सात मजली, आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. बाथरूम मुंबईत असतं तेवढंच, गिझर दरवाज्याच्या वर आणि सॉकेट त्याच्याच बाजूला. जुना गिझर अकरा वर्षांचा होता. गणपतीच्या आसपास त्याच्या खालच्या झाकणाला एक थेंब लटकलेला दिसायला लागला, पडायचा, परत भरायचा, आणि खाली टाइलवर तपकिरी गोल डाग पडला जो कितीही घासला तरी जाईना. प्लंबर आला, त्याने झाकण काढून दोन रंगांची पुट्टी मळून टाकीच्या जोडावर दाबली आणि म्हणाला वहिनी, अजून दोन वर्षं बघायला नको. आम्ही पण खूश, कारण गिझर म्हणजे सात-आठ हजारांचा खर्च, मुलाची फी नुकतीच भरलेली. दिवाळीच्या आधी परत गळायला लागला, या वेळी जास्त, रात्री बादलीत टप टप आवाज यायचा, आणि खालच्या काकूंच्या छताला ओल आली ते वेगळंच.

मग एका सकाळी बाबा (सासरे, वय ७८) आंघोळीला गेले आणि नळाला हात लावल्यावर हात झटकून बाहेर आले. म्हणाले हाताला मुंग्या आल्या. आम्हाला वाटलं बीपी असेल, शुगर असेल, डॉक्टरकडे न्यायच्या गोष्टी सुरू झाल्या. दुपारी मी कपडे भिजवायला गेले, पाय ओले, नळाला बोट लागलं आणि कोपरापर्यंत झिणझिण झालं तेव्हा कळलं की हे वयाचं नाही, करंट आहे. पहाटे अंधारात बाबा एकटेच आत असतात, कडी लावलेली असते, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

सोसायटीचे जुने इलेक्ट्रिशियन आहेत, सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात, त्यांना बोलावलं. त्यांनी काय केलं ते नीट लिहिते कारण ते बघून माझे डोळे उघडले. टेस्ट लॅम्प घेतला, म्हणजे होल्डरमध्ये साधा बल्ब आणि दोन वायरी. फेज आणि न्यूट्रलला, म्हणजे सॉकेटच्या खालच्या दोन भोकांना लावला, लख्ख पेटला. मग फेज आणि वरच्या मोठ्या भोकाला म्हणजे अर्थिंगला लावला, पेटलाच नाही. दोनदा लावला. मग बोर्ड उघडला तर हिरवी वायर सॉकेटच्या मागे होती खरी, पण दुसरं टोक कुठेही जोडलेलं नव्हतं, नुसतं डब्यात खोचून ठेवलेलं. म्हणजे अकरा वर्षं आम्ही तीन पिनांचा प्लग लावत होतो आणि तिसरी पिन हवेत होती. गळणारं पाणी एलिमेंटच्या, म्हणजे आत पाणी तापवणाऱ्या कॉइलच्या, कनेक्शनवर गेलं, टाकीच्या पत्र्यात करंट आला आणि त्याला जमिनीत जायला वाट नाही, मग तो पाण्यातून नळाला आला.

मिस्त्रींनी आणखी एक गोष्ट सांगितली जी मला वाटतं जुन्या बिल्डिंगमधल्या प्रत्येकाने ऐकायला हवी. पूर्वी सगळे पाइप लोखंडाचे होते, ते खालपर्यंत जमिनीत जायचे, त्यामुळे अर्थिंग नसलं तरी थोडाफार करंट पाइपातून निघून जायचा. आता ज्याने त्याने बाथरूम नवं करताना प्लॅस्टिकचे पाइप टाकले, ते बरोबरच आहे, गंजत नाहीत, पण ती वाट बंद झाली. आमचं बाथरूम आम्ही सहा वर्षांपूर्वी नवं केलं. टाइल्स निवडायला तीन रविवार गेले आणि अर्थिंग बघायला कोणी पाच मिनिटं दिली नाहीत, आम्ही पण नाही. नंतर आमच्या विंगमध्ये मिस्त्रींनी आणखी दोन घरं तपासली, एका घरात हीच परिस्थिती निघाली.

आता गळतीबद्दल. गिझर गळतो म्हणजे लगेच नवा घ्यायला पाहिजे असंही नाही, आधी कुठून गळतोय ते बघायला हवं. वरून येणाऱ्या पाइपच्या जोडातून गळत असेल तर वॉशरचं काम आहे, शंभर-दोनशे रुपयांत होतं. खाली एलिमेंट जिथे बसतो तिथल्या गॅस्केटमधून, म्हणजे रबरी चकतीतून, येत असेल तर तेही बदलता येतं. पण टाकीलाच भोक पडलं असेल तर त्याला इलाज नाही, कितीही पुट्टी लावा, आत पाणी तापलं की प्रेशर वाढतं, टाकी जराशी फुगते, गार झाली की बसते, आणि हे रोज सकाळी होतं, त्यात ती पुट्टी किती टिकणार. गंजलेलं लालसर पाणी यायला लागलं तर बहुतेक टाकीच गेलेली असते.

टाकी का जाते, तर आत एक मॅग्नेशियमची कांडी असते, तिला अॅनोड रॉड म्हणतात. पाणी टाकीचं लोखंड खायच्या आधी त्या कांडीला खातं, म्हणून टाकी वाचते. कांडी संपली की पाणी टाकीकडे वळतं. मिस्त्रींनी आमचा जुना गिझर उघडून दाखवला, बोटाएवढी जाड कांडी असायला हवी तिथे फुलबाजी जळून उरते तशी नुसती वाकडी तार होती. अकरा वर्षांत कोणी ती बदलली नाही, कारण ती असते हेच आम्हाला माहीत नव्हतं, सर्व्हिसिंगला दोनदा माणूस येऊन गेला, त्यानेही काढली नाही. दीड-दोन वर्षांनी बघायची असते, आणि ज्या सोसायटीत टँकरचं किंवा बोअरिंगचं पाणी मिसळतात तिथे त्याहून लवकर, कारण त्यात क्षार जास्त, एलिमेंटवर पांढरा थर बसतो. तलावांचं पाणी त्या मानाने सौम्य आहे पण सगळ्यांच्या टाकीत आता तेवढंच येतं असं कुठे राहिलंय.

नवा घ्यायला गेलो तेव्हा दुकानातला मुलगा म्हणाला गॅस गिझर घ्या, पाइप गॅस आहेच, लाइट बिल वाचेल. मी नाही म्हटलं. आमच्या बाथरूमला एकच छोटी जाळीची खिडकी, ती पण डक्टमध्ये उघडते. गॅस पुरेशा हवेशिवाय जळला की कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध पडतो आणि बाहेरच्यांना वाटतं वेळ लागतोय. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर लावूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि लाइट बिलाचं म्हणाल तर १५ लिटर पाणी २५ वरून ६० डिग्रीला न्यायला साधारण ०.६ युनिट लागतं, २ किलोवॅटचा गिझर असेल तर वीस मिनिटांच्या आत. आमच्या चौघांच्या आंघोळी दोनदा तापवून होतात. एवढ्यासाठी जीव कशाला धोक्यात घालायचा.

आता ज्या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त राग आलाय ती. नवा १५ लिटरचा गिझर आला, दुसऱ्या दिवशी इन्स्टॉलेशनवाला आला, अर्ध्या तासात लावून, सही घेऊन गेला. संध्याकाळी खोका आवरताना तळाशी एक पितळी व्हॉल्व्ह प्लॅस्टिकच्या पिशवीत तसाच. मिस्त्रींना फोटो पाठवला तर त्यांचा लगेच फोन, म्हणाले गिझर चालू करू नका. तो सेफ्टी व्हॉल्व्ह होता. गार पाणी जिथून आत जातं तिथे लावायचा. पाणी तापलं की फुगतं, २५ चं ७० डिग्री झालं तर सुमारे २ टक्के, म्हणजे १५ लिटरमागे जवळजवळ ३०० मिली, पाण्याचा एक मोठा पेला. तेवढं पाणी जाणार कुठे? प्रेशर जास्त झालं की हा व्हॉल्व्ह थोडं थोडं पाणी बाहेर सोडतो. शिवाय तो पाणी उलटं जाऊ देत नाही, ते आपल्याकडे फार महत्त्वाचं, कारण पाणीकपात असली किंवा गच्चीवरची टाकी धुवायला रिकामी केली की गिझरमधलं पाणी मागे ओढलं जातं, आणि आपण स्विच चालू केला की आत एलिमेंट कोरडाच तापतो. पाणी हवं तेवढं तापलं की बंद करणारा थर्मोस्टॅट असतो, फारच तापलं तर लाइट तोडणारा कटआउट असतो, पण ते पण मशीनच, कधी तरी अडकतात, आणि अशा वेळी शेवटचा आधार हा व्हॉल्व्ह.

कस्टमर केअरला फोन केला. लावून गेलेल्या माणसाचं म्हणणं होतं की तुम्ही दुसऱ्या मजल्यावर, तिथे प्रेशर कमी, गरज नसते, आणि लावला तर थेंब पडतात, मग कस्टमर गळतं म्हणून तक्रार करतात. अहो पण ते थेंब पडायलाच हवेत, तेच त्याचं काम आहे! आणि प्रेशर पाण्याच्या उंचीचं असतं ते ठीक, दहा मीटरला साधारण एक बार (बार म्हणजे प्रेशर मोजायचं माप), आमच्याकडे दीड-पावणेदोन असेल, पण गरम होऊन जे वाढतं त्याचं काय? वीस-पंचवीस मजली टॉवरमधल्या खालच्या लोकांनी तर खोक्यावर टाकी किती बारची आहे ते वाचूनच घ्यावं, बऱ्याच गिझरवर ८ बार लिहिलेलं असतं, कमीचेही मिळतात.

चार दिवसांनी दुसरा माणूस आला आणि वीस मिनिटांत व्हॉल्व्ह लावून गेला. आता त्याच्या तोंडाला एक पातळ नळी लावून ती खाली जाळीपर्यंत सोडलीय, पाणी तापलं की दोन-चार थेंब येतात, बाबा ते रोज बघतात. मिस्त्रींनी नवी अर्थिंगची वायर मीटर बोर्डापर्यंत ओढली, १६ अँपिअरचं सॉकेट जरा लांब घेतलं आणि मेनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला, जो करंट लीक झाला की झटक्यात लाइट घालवतो. हे सगळं गिझरच्या किमतीच्या निम्म्यात झालं.

माझं मागणं दोन ठिकाणी आहे. सोसायट्यांच्या कमिट्यांनी रंगकामाला लाखो रुपये काढण्याआधी एकदा प्रत्येक घराच्या गिझरच्या सॉकेटला टेस्ट लॅम्प लावून घ्यावा, एका विंगला एक दिवस पुरतो. आणि गिझर विकणाऱ्यांनी, इन्स्टॉलेशनच्या ज्या स्लिपवर आमची सही घेता त्यावर आमचा मोबाइल नंबर, ईमेल, फीडबॅकचे पाच स्टार सगळ्याला जागा आहे, तिथे 'सेफ्टी व्हॉल्व्ह लावला' आणि 'अर्थिंग तपासलं' असे दोन रकाने छापा, आणि ते भरल्याशिवाय आमची सही घेऊ नका.

आपली नियमित वाचक,
मुलुंड (पूर्व), मुंबई