बाण सोड आता

नौपाडा, ठाणे
१४ जुलै

प्रिय मंद्या,

परवा मामलेदारची मिसळ खाऊन घरी आलो आणि तू माझ्या लॅपटॉपवरून तुझ्या सर्व्हरवर शिरून जुनी कमांड शोधायला बसलास. वरचा बाण टकटक, टकटक. सापडली तर घाईत एक पुढे गेलास, मग खालचा बाण. आईने आतून विचारलं, "दार कोण वाजवतंय रे?" तेव्हाच ठरवलं, तुला लिहायचं.

त्या सर्व्हरवरच्या तुझ्या होम डिरेक्टरीत डॉट-इनपुटआरसी नावाची फाइल कर. बॅश, म्हणजे तुझ्या कमांडा चालवणारं शेल, तुझी ओळ वाचायचं काम रीडलाइन नावाच्या लायब्ररीवर सोपवतं, आणि रीडलाइन ही फाइल बघतं. अवतरणचिन्हांत वरच्या बाणाचा कोड लिही: बॅकस्लॅश, छोटा ई, चौकोनी कंस, मोठा ए. मग कोलन, आणि पुढे हिस्टरी-सर्च-बॅकवर्ड. खालच्या बाणाला एच्या जागी बी, बॅकवर्डच्या जागी फॉरवर्ड. कंट्रोल-एक्स, कंट्रोल-आर दाबलंस की लगेच लागू. आता 'एसएसएच' (दूरच्या मशीनवर शिरायची कमांड) टाइप करून वरचा बाण दाब, फक्त एसएसएचने सुरू होणाऱ्याच कमांडा येतील. एवढ्यानेच माझं अर्धं आयुष्य सुधारलं (उरलेलं अर्धं घोडबंदर रोडवर जातं).

एक मात्र विसरू नकोस. स्वतःची फाइल केलीस की इटीसी या सिस्टिमच्या फोल्डरमधली सामायिक इनपुटआरसी आपोआप वाचली जात नाही, आणि होम-डिलीटची बटणं रुसू शकतात. म्हणून पहिल्याच ओळीत डॉलर-इन्क्लूड लिहून तिचा पत्ता दे.

ओळीच्या सुरुवातीला जायला कंट्रोल-ए, शेवटी जायला कंट्रोल-ई, मागचा शब्द उडवायला कंट्रोल-डब्ल्यू, ही तर काही न करता मिळतात. पावसात आमचं नेट रडतं तेव्हा बाण दाबून धरला तर कर्सर कुठे जाऊन थांबेल सांगता येत नाही. कंट्रोल-ए थेट सुरुवातीला नेतो.

कंट्रोल-आरने मागे शोधता येतं हे तुला माहीत आहे. पुढे शोधायला कंट्रोल-एस, आणि तिथे माझी फजिती झाली होती. दाबलं आणि सगळं गोठलं. सर्व्हर बसला म्हणून रात्री दोन वाजता एका माणसाला झोपेतून उठवलं. सर्व्हर ठणठणीत होता. टेलिटाइपच्या काळापासून कंट्रोल-एस म्हणजे 'थांब', कंट्रोल-क्यू म्हणजे 'चल'. डॉट-बॅशआरसी या बॅशच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये 'एसटीटीवाय', मग उणे चिन्ह आणि 'आयएक्सऑन' टाक, म्हणजे ही भानगड मिटेल. तो माणूस अजून मला टोमणे मारतो.

तुझ्या घरच्या मॅकवर मात्र हे चालणार नाही. २०१९ पासून तिथे मुळात बॅशऐवजी झेडशेल हे दुसरं शेल असतं, ते इनपुटआरसीकडे ढुंकूनही बघत नाही. त्याला बाइंडकी ही त्याची स्वतःची कमांड लागते. ते समोरासमोर बसून करू, तुझी छत्रीही इथेच राहिली आहे.

काकूंना नमस्कार.

तुझा,
सुहास