घरट्यांचे फोटो छापू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

साकोलीत माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे. चातुर्मासात लग्नं नसतात, त्यामुळे पासपोर्ट साइज सोडलं तर कामही नसतं. मग कॅमेरा घेऊन मी आसपासच्या मामा तलावांवर (जुन्या मालगुजारी तलावांवर) जातो. आमची लग्नसराई संपते तेव्हा पाखरांची सुरू होते. हिवाळ्यात मातकट दिसणारा कमळपक्षी श्रावणात ओळखू येत नाही. अंग चॉकलेटी, तोंड पांढरं, मानेमागे हळद माखल्यासारखा पिवळा पट्टा आणि विळ्यासारखी वाकलेली लांब शेपटी. मादी एका नराच्या घरट्यात अंडी घालते आणि दुसऱ्याकडे निघून जाते. उबवणं, पिल्लं सांभाळणं, सगळं नराकडे. (हे घरी सांगितलं तर सौ. म्हणाली, "शहाणी आहे.")

परवाच्या रविवारी पहाटे निघालो. साडेनऊला दुकान उघडायचं होतं, म्हणजे हातात जेमतेम दोन तास. तलावाच्या पाळीवरच, म्हणजे बांधावरच, बसलो. पाऊस नुकताच उघडला होता. शिंगाड्याच्या पानांवर एक नर बसलेला. घरटं कसलं, चार ओल्या काड्या. तेवढ्यात शहराकडून आलेले तिघं डोंग्यात बसून थेट त्याच्याकडे निघाले. दहा फुटांवर डोंगा गेल्यावर नर उठला, पंख मोडल्यासारखा फडफडत पानांवरून लांब गेला. त्यांनी त्याचाही फोटो काढला. मी लेन्समधून पाहिलं, तर पॉलिश केलेल्या भोवऱ्यांसारखी चार तपकिरी अंडी, टोकं आत करून ठेवलेली, उघड्या उन्हात. पाळीवरच्या बाभळीवर दोन कावळे. डोंगा वीस मिनिटं हलला नाही. शेवटी माझ्या शेजारी जाळं सोडवत बसलेल्या ढीवर काकांनीच हाक मारून त्यांना परत बोलावलं. नर आला, अंडी चोचीनं सारखी केली आणि बसला. नशीब म्हणायचं.

त्या तिघांना बोल लावायला माझं तोंड नाही. गेल्या वर्षी आपल्या वाचकांच्या छायाचित्रांच्या सदरात याच तलावावरचा घरट्याचा फोटो गावाच्या नावासकट आला होता, तो मीच पाठवला होता. कात्रण अजून स्टुडिओत लॅमिनेट करून लावलेलं आहे. पुढच्या रविवारी पाळीवर सहा गाड्या उभ्या होत्या. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता, हे कबूल करतो.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणं हे 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच बसतं. मला हे यंदा कळलं. निदान जून ते सप्टेंबर आपण घरट्यांचे, अंड्यांचे फोटो छापायला घेऊ नयेत आणि पक्ष्यांच्या फोटोखाली गावाऐवजी फक्त जिल्हा छापावा, एवढीच विनंती. नटलेला पक्षी काठावरून, लांबूनही छान येतो.

सोबत एक फोटो पाठवत आहे. चिखलणीच्या बांधीत (धानाच्या शेतात) ट्रॅक्टरमागे चालणारा गायबगळा, डोकं आणि मान केशरी झालेली. माझ्या उभ्या जागेपासून तो चाळीस पावलांवर होता. थोडा मऊ, म्हणजे किंचित धूसर, आला आहे, पण चालेल असं वाटतं. खाली 'जि. भंडारा' एवढंच लिहावं.

आपला नेहमीचा वाचक,
एक स्टुडिओवाला, साकोली